घरात फोन एकच असतो

वेब ॲप्लिकेशन चार-पाच वर्षांचं झालं की टीममधलं कुणीतरी म्हणतंच, ‘हे सगळं टाकून देऊ आणि नव्याने लिहू.’ म्हणणारा बहुतेकदा नुकताच रुजू झालेला असतो. कोड त्याचा नसतो, त्यामुळे त्यातलं प्रत्येक वेडंवाकडं वळण त्याला मूर्खपणा वाटतं.

मी काम करते ते ॲप शेतकऱ्यांचं आहे. माल आणायचा दिवस नोंदवायचा, काट्यावर वजन झालं की पावती बघायची, पैसे कधी जमा होणार ते तपासायचं. एका तालुक्यासाठी बनवलेलं हे प्रकरण आता बऱ्याच तालुक्यांत पसरलंय आणि हंगामात धापा टाकतं. साहजिकच आमच्याकडेही ते वाक्य म्हटलं गेलं. नव्या डेटाबेसचा आराखडाही तयार झाला, त्यात मोबाइल नंबर ‘युनिक’. एक नंबर, एक खातं. कुठल्याही ट्युटोरियलमध्ये असंच असतं.

जुन्या कोडमध्ये मात्र एका नंबरवर कितीही खाती चालतात. ओटीपी टाकल्यावर कुणाचं खातं उघडायचं ते विचारलं जातं. दिसायला गचाळ. मी गिटमध्ये त्या ओळींचा इतिहास काढला. कमिटचा संदेश चार शब्दांचा होता: ‘घरात फोन एकच असतो’. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय. सासऱ्यांचा सातबारा वेगळा, सुनेच्या नावावर वेगळी जमीन, आणि फोन मुलाच्या खिशात. नव्या आराखड्यात त्या सुनेला जागाच नव्हती. तिची पावती कुणाच्या खात्यात गेली असती, हे मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर आलं नाही.

नेटस्केपने ब्राउझर नव्याने लिहायला घेतला तेव्हा पाचवी आवृत्ती कधी बाजारात आलीच नाही. चौथीनंतर थेट सहावी आली, २००० साली. तोवर लोक इंटरनेट एक्स्प्लोररकडे गेले होते.

दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या एका झाडाची उपमा दिली. आपल्याकडे ताडाच्या बेचक्यात पक्ष्याने टाकलेल्या बीतून वड उगवतो आणि हळूहळू ताडाला वेढून टाकतो ना, तसंच. आम्ही पुढे एनजिनएक्स बसवलं. पावतीची पानं नव्या कोडकडे, बाकी सगळं जुन्याकडे. बिघडलं तर एक ओळ बदलायची की पुन्हा जुनं सुरू.

पावतीचं पान हळू का होतं, ते लॉग बघताच कळलं. यादीत ५० पावत्या आणि प्रत्येकीसाठी शेतकऱ्याचं नाव डेटाबेसला वेगळं विचारलं जात होतं. एकूण ५१ क्वेरी! जॉइन लावला, एकीत भागलं. इंडेक्स हवा होता, तो पोस्टग्रेसमध्ये ‘कॉन्करंटली’ बनवला. नाहीतर तो तयार होईपर्यंत त्या टेबलात नवीन नोंदच करता येत नाही, आणि काट्यावर ट्रॅक्टर उभे असतात.

वजनाचा कॉलम सगळ्यात किचकट. काही केंद्रं क्विंटलमध्ये भरत होती, काही किलोत. असा कॉलम एका रात्रीत बदलायचा नसतो. आधी किलोचा नवा कॉलम जोडला. मग दोन्हींत लिहायला सुरुवात केली. जुन्या नोंदी हजार-हजारच्या तुकड्यांत नव्यात भरल्या आणि कागदी पावत्यांशी ताडून पाहिल्या. त्यानंतरच वाचन नव्या कॉलमवर नेलं. जुना अजून आहे. एक अख्खा हंगाम सुरळीत गेल्याशिवाय तो काढायचा नाही, असं मी ठरवलंय. मॅनेजरना हे पटत नाही. त्यांना ‘मायग्रेशन पूर्ण’ असं स्लाइडवर लिहायचं असतं.

लॉगिन अजून जुन्याच कोडवर आहे. त्याला हात लावायच्या आधी एक टेस्ट लिहिली: एक नंबर, तीन खाती, तिघांना आपापली पावती दिसायला हवी. टेस्टला नाव तेच चार शब्दांचं दिलंय. नव्या आराखड्यावर चालवली तर ती अजून लाल येते.