काळी बांगडी

खरखर ही माझ्या घरातली सर्वांत जुनी पाहुणी. हौशी रेडिओवाल्याला, म्हणजे ज्याला लोक ‘हॅम’ म्हणतात त्याला, तिची सवय करून घ्यावीच लागते. वीज कडाडली, खरखर. शेजारी मिक्सर फिरला, खरखर. पण दिवाळीची खरखर निराळी. दिवेलागण झाली की 7 मेगाहर्ट्झवर, आमच्या 40 मीटरच्या पट्ट्यात, जणू करवतच चालू होते.

एरवी मी ती सोसलीही असती. पण रोज सायंकाळी 6 वाजता त्या पट्ट्यात कोकणातले एक आजोबा येतात. वय 85, यंत्र अवघे 5 वॅटचे, आणि घरात बोलायला दुसरे कुणी नाही. धनत्रयोदशीला ते आले की नाही, हेच मला कळेना.

बॅटरीवरचा छोटा रेडिओ घेऊन मी जिन्यात हिंडलो. काकूंच्या दाराशी करवत कानठळ्या बसवू लागली. माळ बिचारी निष्पाप. खोड तिच्या अडॅप्टरची. तो सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो, त्याचे बारीक तुकडे लघुलहरींपर्यंत उडतात, आणि माळेची लांब वायर त्यांची एरियल होते.

ऐन दिवाळीत माळ बंद करा, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? मी फेराइटचे कडे घेऊन गेलो. काळे, बांगडीएवढे, हातून पडले तर कपबशीसारखे फुटणारे.

“दिवे मंद होतील का हो, मास्तर?” काकूंनी विचारले.

मुळीच नाही. दिव्यांची वीज एका तारेने जाते, दुसरीने परतते. दोन्ही एकत्र वेढल्या की कड्यात त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात. खरखर मात्र दोन्ही तारांवरून एकाच दिशेने धावते. तिला कडे अडवते. वेढे दुप्पट केले की अडवणूक जवळजवळ चौपट. मी अडॅप्टरजवळ आठ वेढे घातले. (संगणकाच्या काही वायरींना उंदीर गिळलेल्या सापासारखी गाठ दिसते ना, तीही फेराइटच, बरे का!)

शेजारधर्म दुहेरी असतो. माझ्या प्रक्षेपकामागेही फिल्टर आहे. 30 मेगाहर्ट्झच्या वरचा गाळ तो अडवतो, म्हणून काकूंची मालिका सुखात चालते.

करवत पुरती थांबली नाही, दूर गेली. तिच्यामागून आजोबा ऐकू आले. यंदा चकल्या त्यांनी स्वतःच तळल्या होत्या, आणि साऱ्या मऊ पडल्या होत्या.