आमच्या विहिरीचा वास

बेळगावला विहिरींचा तोटा नाही. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर सर्वांना ठाऊक आहे. आमच्या शाळेमागची विहीर तेवढी नावाजलेली नाही. पण नळाला पाणी आले नाही की सारी गल्ली घागरी घेऊन तिच्याकडेच यायची.

2018 च्या जुलैमध्ये आमचे शिपाईमामा म्हणाले, "सर, पाण्याला रॉकेलसारखा वास मारतोय." आम्ही शिक्षकांनी पोहरा काढून पाहिला. पाणी नितळ होते. मोटारीचे तेल सांडले असेल, असे म्हणून विषय मिटवला. खरे सांगायचे तर शंका सर्वांनाच होती. मागच्या रस्त्यावर पेट्रोल पंप आहे. त्याचे मालक आमचेच माजी विद्यार्थी, आणि शाळेच्या प्रयोगशाळेला देणगी देणारेही तेच. त्यामुळे चार महिने आम्ही कोणीच तोंड उघडले नाही.

नोव्हेंबरात सातवीतल्या एका मुलीने उन्हात ठेवलेली बादली दाखवली. पाण्यावर रंगीत तवंग होता. "सर, पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते, असे तुम्हीच शिकवलेत ना?" तिच्या या प्रश्नापुढे आमचे मौन टिकले नाही.

आम्ही मालकांकडे गेलो. त्यांनी वही काढली. टाकीत रोज काठी घालून साठा मोजतात. तो कित्येक महिने थोडा थोडा कमी भरत होता. "उडून जात असेल, असे समजलो," ते म्हणाले. तपासणीत जुन्या लोखंडी टाकीच्या तळाला गंजून भोक पडलेले सापडले.

टाकी रिकामी करून काढली, विहीर तीनदा उपसली. आता संपले, असे आम्हाला वाटले. आठवड्यात वास परत आला. तेव्हा इंजिनिअरांनी समजावले : पेट्रोल जांभ्याच्या मातीतून झिरपत पाण्यापर्यंत जाते, वर थर करून पसरते आणि मातीच्या कणांना चिकटून राहते. त्यातले बेंझीन पाण्यात विरघळते. ते डोळ्यांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या एक लिटर पाण्यात ते 10 मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या लाखाव्या भागापेक्षा जास्त असू नये. पाणी उकळून प्यावे का, असे काही आयांनी विचारले. तसे करणे उलट धोक्याचे. वाफ घरात पसरते, भडकाही उडू शकतो.

मग खरे काम सुरू झाले. टाकीभोवतीची माती खणून नेली. बोअर मारून आधी तरंगते पेट्रोल काढले. नळ्यांनी जमिनीतली वाफ ओढून घेतली. पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून सोडले. शेवटी जमिनीत हवा सोडली, कारण मातीतले काही जिवाणू पेट्रोल खाऊन टाकतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. पुढच्या पावसाळ्यात पाण्याची पातळी चढली, वरच्या मातीला चिकटलेले पेट्रोल सुटले आणि पुन्हा तोच वास! त्या दिवशी आम्ही फार खचलो. 2020 च्या टाळेबंदीत काम थांबलेही. पावसाळा आणि उन्हाळा, दोन्ही वेळचे नमुने स्वच्छ निघायला 2022 उजाडले. आजही ते पाणी आम्ही फक्त झाडांना घालतो.

2024 च्या जानेवारीत गोव्यात दाबोळीजवळ जमिनीखालच्या वाहिनीतून गळालेले इंधन विहिरींत उतरल्याची बातमी वाचली, आणि पुन्हा ते दिवस आठवले.

पंपाचे मालक अजूनही स्नेहसंमेलनाला येतात. त्यांनी खर्च टाळला नाही, हे लिहायलाच हवे. पण चूक त्यांची एकट्याची नव्हती. शिपाईमामांच्या सांगण्यावर आम्ही त्याच दिवशी उठलो असतो, तर चार महिने गळणारे पेट्रोल तरी जमिनीत गेले नसते. गल्लीतल्या किती घरांनी ते पाणी त्या काळात वापरले, याचा हिशेब आमच्याकडे नाही.

विद्यार्थी मित्रहो, पाण्याला वेगळा वास आला तर सांगा. आम्ही ऐकले नाही, तर पुन्हा सांगा.