पुयोलचा गुडघा

कोल्हापूर,
बुधवार

चि. सई,


गुडघा सुजलेला असताना क्रेप बँडेज गुंडाळून पूर्ण मॅच खेळलीस, ताईला पत्ता लागू दिला नाहीस, आणि वर मामाला कळवतेस, ‘पुयोलपण असाच खेळायचा.’ वा गं शहाणे! पुयोल तुला दाखवला कुणी? याच मामानं. म्हणजे उद्या खापर फुटणार तेही याच डोक्यावर. तेव्हा आता तो सबंध ऐक. तुम्ही पोरं मोबाइलवर पाहता तो अर्धामुर्धा.

कार्लेस पुयोल पिरेनीजच्या पायथ्याशी असलेल्या ला पोब्ला दे सेगुर गावचा. बार्सिलोनाच्या युवा संघात आला १९९५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. तिथल्या मानानं हे उशिराच. इनिएस्ता बाराव्या वर्षी दाखल झाला होता. पायात जादू म्हणावी तर तीही नाही. आधी पुढे खेळायचा, मग कडेला, आणि सरकत सरकत मागे आला. तुला कोचनं फॉरवर्डवरून बॅकला आणलं तेव्हा किती रडली होतीस, आठवतं ना? हा गडी रडला नाही. १९९९च्या ऑक्टोबरात प्रशिक्षक व्हान गालनं त्याला वायादोलिदविरुद्ध पहिल्यांदा उतरवलं. पुढच्याच वर्षी लुईस फिगो बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदचा झाला आणि काम्प नोऊवर परतला. सगळं स्टेडियम त्याच्या नावानं खडे फोडत होतं, आणि त्याला जखडून ठेवायचं काम या केसाळ पोराकडे. फिगोची डाळ शिजली नाही. बार्सिलोना २-०.

आता ती तुझी लाडकी क्लिप. ऑक्टोबर २००२, मॉस्को, लोकोमोतिव्हविरुद्धची मॅच. गोलरक्षक बोनानो पुढे गेलेला, गोल उघडा, ओबिओरानं फटका मारला आणि पुयोलनं तो छातीवर घेतला, नेमका क्लबच्या बिल्ल्यावर. सगळे म्हणतात, काय ही छाती! अगं, छाती सगळ्यांनाच असते. बोनानो जागेवर नसताना तिथं कोण पोचलं होतं, ते बघ. पुढचा धोका आधी हेरून दोन पावलं अलीकडे जाऊन उभं राहायचं, हे त्याचं खरं काम. ते कॅमेऱ्यात येत नाही, कारण तेव्हा कॅमेरा बॉलच्या मागे असतो.

मामाचं हे तुणतुणं तुला पाठ आहे. असू दे, पुन्हा ऐक. आपल्याकडे पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव छापतात, बॅकचं छापतात ते चूक झाल्यावर. शाहू स्टेडियमवर उभा जन्म गेला, पण ‘आज स्टॉपरनं काय जागा धरली’ असं म्हणत घरी जाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. पुयोल स्पेनसाठी १०० सामने खेळला, गोल केले ३. त्यातला एक डर्बनचा. २०१० च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर जर्मनी, ७३ वं मिनिट. झावीचा कॉर्नर आला आणि हा मागून धावत येऊन असा उसळला की बॉल जाळ्यात. त्या रात्री जगाला पुयोल कळला. म्हणजे बत्तिशीला आलेल्या बॅकला गोल केल्यावर शाबासकी! याचा राग कुणालाच कसा येत नाही?

असो. तू कप्तान झालीस म्हणून पट्टीचं थोडं. लुईस एनरिके निवृत्त झाल्यावर २००४ मध्ये ती पुयोलच्या दंडावर आली आणि दहा वर्षं राहिली. २०१२ मध्ये रायो वायेकानोला ७-० हरवताना थियागो आणि दानी आल्वेस गोलनंतर नाचायला लागले, तर यानं जाऊन दोघांना अलग केलं. हरणाऱ्याच्या अंगणात नाचायचं नाही. परवाच्या सेमीफायनलनंतर तुमच्या पोरींनी काय केलं, त्याचा व्हिडिओ मामाकडेही पोचलाय, बरं का. तू मागे उभी राहून हसत होतीस.

आणि आता तुझा तो ‘असाच खेळायचा’. २०११ ची चॅम्पियन्स लीगची फायनल, वेम्बली, समोर मँचेस्टर युनायटेड. कप्तान कुठं होता? बाकावर! गुडघ्यानं त्या वर्षीचे कितीतरी महिने गिळले होते. मॅच संपत आली तेव्हा दोन-चार मिनिटांसाठी आत आला. आणि कप घेताना पट्टी बांधली एरिक अबिदालच्या दंडावर, जो यकृतातली गाठ काढून दोन-अडीच महिन्यांत परत उभा राहिला होता. कप त्यानं उचलला. ही क्लिप का नाही गं पाठवत कुणाला?

पुढच्या वर्षी पुन्हा गुडघा, पुन्हा ऑपरेशन. २०१२ चा युरो हुकला. स्पेननं तो त्याच्याशिवाय जिंकला, फायनलला इटलीवर ४-०. २०१३ मध्ये आणखी एक ऑपरेशन. २०१४ च्या मार्चमध्ये अल्मेरियाविरुद्ध गोल केला, आणि दोनच दिवसांनी जाहीर केलं की हंगाम संपला की आपण थांबणार. करार २०१६ पर्यंतचा होता. वय छत्तीसही पुरं नव्हतं. हवी ती पातळी गाठता येत नाही, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. आणि त्याच्या दिमतीला बार्सिलोनाचे डॉक्टर, फिजिओ, यंत्रं, सगळा लवाजमा होता. तुझ्या दिमतीला कोण? मेडिकलवाल्यानं दिलेली क्रेप पट्टी आणि रूममेटचा मलम.

तू एकोणीस वर्षांची आहेस. आपल्या दिनूच्या गुडघ्याचं पुढं काय झालं आणि गडहिंग्लजहून परतताना गाडीत आण्णा का बोलत नव्हते, हे तुला वेगळं सांगायला नको. तोही त्या दिवशी ‘काही नाही, नुसती सूज आहे’ असंच म्हणाला होता.

जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा वाटतो का? सकाळी उठल्यावर पूर्ण वाकतो का? वळताना ‘कट्’ असा आवाज आला होता का? तिन्हीची उत्तरं खरी खरी लिही. एमआरआय करून घे, पैसे मामा पाठवतोय, ताईला त्याचा हिशोब द्यायची गरज नाही. पण गुडघ्याचं सांगावं लागेल. तू सांगतेस की मामानं सांगायचं, ते शनिवारपर्यंत ठरव. आणि रविवारच्या मॅचला तू बाकावर आहेस, असं कोचना आजच कळव. फोन नंबर दे, नाहीतर मामाच बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
शरदमामा