फॉरमॅट मारलेला लॅपटॉप आणि दुसऱ्याचं कुलूप

पोस्ट लांब आहे. पण घरात कोणी बीसीए, बीसीएस, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असेल आणि सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचं चाललं असेल, तर पैसे मोजण्याआधी वाचा.

आपल्या गावात स्टँड रोडला आता जुन्या लॅपटॉपची दुकानं झालीत. चांगलंच आहे. नवं बरं मशीन घ्यायला गेलं की चाळीस-पन्नास हजार लागतात. जुना थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक पंधरा-वीस हजारांत मिळतो. हा माल बहुतेक मोठ्या शहरांतल्या कंपन्यांतून येतो. कंपनी तीन-चार वर्षं वापरते, मग लॉटने विकते. मशीन दणकट असतं, मी स्वतः ही पोस्ट अशाच एका लॅपटॉपवर टाइप करतोय. त्यामुळे सेकंडहँड घेऊच नका असं मी सांगणार नाही.

अडचण वेगळी आहे. शेतकऱ्यांना लगेच कळेल. खरेदीखत झालं, ताबा मिळाला, पण फेरफार झालाच नाही आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहिलं, तर काय होतं? तसंच इथे आहे. कंपनी लॅपटॉप विकते, पण स्वतःच्या नोंदीतून काढायला विसरते. ही नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते, ती इंटरनेटवर असते. म्हणून दुकानदार "फॉरमॅट मारून दिलाय" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्या वाक्याला काही अर्थही नसतो.

आपल्याच गावातली गोष्ट. खानावळ चालवणाऱ्या एका ताईंनी भिशीच्या पैशातून मुलीला एकोणीस हजारांचा लॅपटॉप घेतला. सात महिने व्यवस्थित चालला. मग विंडोजला काहीतरी झालं म्हणून मुलीने तो रीसेट केला. वायफाय जोडल्यावर स्क्रीनवर एका भल्यामोठ्या कंपनीचं नाव आलं, आणि खाली "तुमचा ऑफिसचा ईमेल टाका". पुढे जायला रस्ताच नाही. दुकानात गेल्या तर उत्तर मिळालं, "काकू, दिला तेव्हा चालू होता ना?" नंतर म्हणे, "दीड हजार द्या, लॉक तोडून देतो."

ताई माझ्याकडे आल्या, "दादा, देऊ का दीड हजार?" मी नको म्हटलं. हे 'तोडणं' म्हणजे बहुतेक वेळा इंटरनेट न जोडता सेटअप उरकणं. पहिल्यांदा विकताना दुकानात हेच केलेलं असतं, म्हणून तर सात महिने कळलं नाही. कंपनीची नोंद तशीच राहते. पुढच्या रीसेटला तीच पाटी पुन्हा हजर.

मग आम्ही त्या कंपनीला मेल केला, सिरियल नंबरसकट. उत्तर आलं, आणि नीट आलं: बिलाची प्रत पाठवा, तपासून नोंद काढतो. बिलावर काय लिहिलेलं? "जुना लॅपटॉप, 1 नग." सिरियल नंबर नाही, मॉडेल नाही. आता हा नग तोच, हे सिद्ध कसं करायचं? दुकानदाराने नंबरसह बिल द्यायला पंधरा दिवस फिरवलं. नोंद निघेपर्यंत महिना गेला, तोवर पोरीच्या प्रोजेक्टची तारीख उलटून गेली होती.

तेव्हा दुकानात काय बघायचं ते सांगतो. स्क्रीनवरचे ओरखडे आणि बॅटरी तर आपण बघतोच.

विंडोजच्या मशीनमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे जाऊन तुमच्यासमोर पूर्ण रीसेट करायला लावा. पहिली स्क्रीन आली की दुकानाचं वायफाय सोडा, आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि सेटअप शेवटपर्यंत जाऊ द्या. कुठल्या कंपनीचं किंवा संस्थेचं नाव आलं की पैसे खिशातच ठेवा. याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. कंपनीसाठी ती सोय आहे, आपल्यासाठी कुलूप. तास-दीड तास जाईल. "एवढा वेळ नाही" म्हणाले तर संध्याकाळी या म्हणून निघा. आधीच चालू करून ठेवलेला लॅपटॉप बघून यातलं काहीही कळत नाही.

दुसरं बायॉस. मशीन सुरू होताना डेलला एफ2, एचपीला एफ10, थिंकपॅडला एफ1 दाबा. पासवर्ड मागितला किंवा सेटिंग बदलता येत नसेल तर जुन्या मालकाचा पासवर्ड आत बसलाय. "बॅटरी काढली की जातो" हे जुन्या काळातलं. ऑफिसच्या मॉडेलमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो, थिंकपॅडला तर मदरबोर्डच बदलावा लागतो असं कंपनीच सांगते. तिथेच सिक्युरिटीत 'अ‍ॅब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' असं काही दिसतं. त्यापुढे 'अ‍ॅक्टिव्हेटेड' असेल तर घेऊ नका. ते चालू असताना जुना मालक लांबून मशीन लॉक करू शकतो, आतला डेटा पुसू शकतो. नवीन विंडोज टाकलं तरी ते परत येतं. सिरियल नंबरही बायॉसमध्येच दिसतो, तळाच्या स्टिकरशी जुळवून घ्या.

मॅकबुकचं गणित आणखी कडक. 2018 नंतरच्या मॉडेल्समध्ये आधीच्या माणसाने अ‍ॅपल आयडी काढला नसेल तर पुसल्यानंतर 'अ‍ॅक्टिव्हेशन लॉक' येतो, आणि कंपनीचं मशीन असेल तर 'रिमोट मॅनेजमेंट'ची पाटी. स्वस्तात मॅकबुक मिळतोय म्हणून हुरळून जाणाऱ्या पोरांनो, स्वस्त का आहे ते आधी विचारा.

कुलूप निघालं म्हणजे माल चोरीचाच असं नाही. बहुतेक वेळा कंपनीचा आळस असतो. पण चोरीचाही असू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये चोरीचा आहे असं माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असताना अप्रामाणिकपणे माल घेणं गुन्हा आहे. स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव दिसूनही घेतला, तर "मला काय माहीत" म्हणणं अवघड जाईल. मोबाइलचा आयएमईआय सरकारच्या संचार साथीवर तपासता येतो. बहुतेक लॅपटॉपला आयएमईआय नसतो, त्यामुळे ती सोय नाही.

म्हणून बिल. पक्कं बिल मागा, त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि एक ओळ लिहून घ्या: "यावर कोणत्याही कंपनीचा लॉक किंवा नोंदणी निघाल्यास रक्कम परत." फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

परवा स्टँड रोडच्या चार दुकानांत जाऊन मी ही ओळ दाखवली. दोघांनी लगेच होकार दिला, त्यातला एक तर म्हणाला, "भाऊ, मी पण लॉट उचलतानाच बघून घेत जाईन आता." तिसऱ्याने मालकाला विचारून सांगतो म्हटलं. चौथा म्हणाला, "एवढ्या स्वस्तात गॅरंटी कसली मागता?"

पहिल्या दोघांची नावं त्यांना विचारून कमेंटमध्ये टाकतो.