उन्हासाठी राखलेली जागा

वैशाखात मालवणच्या किनाऱ्यावर जलरंगात चित्र काढायचं तर उजाडताच बसावं. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला. सूर्य पाठीमागून, माडांमधून वर येतो आणि माडांच्या सावल्या वाळूवरून पाण्याच्या दिशेने लांब पसरतात. नीट पाहिलं तर त्या काळ्या नसतात, जांभळट निळ्या असतात. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली बांधायला घेतलेला तो तट या कोवळ्या उन्हात ऊबदार तपकिरी दिसतो. रात्रीचे मतलई वारे मंदावलेले असतात. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, कागदावर सावकाश उतरतो, क्षितिजाशी येईतो फिका होतो. फार उदार वेळ असते ही.

मग जमीन तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे सुटतात. शाळेच्या भूगोलातला हा धडा इथे ब्रशच्या टोकाला कळतो, कारण वॉश अर्ध्यावर असतानाच त्याची कड वाळून रेघ धरते. अशा वेळी कागद आधी भिजवून घ्यावा, मोठा ब्रश उचलावा आणि थोडक्यात सांगावं. पाणी मात्र गोडंच हवं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ कागदात राहतं आणि पावसाळ्यात ओल धरतं. समोरच्या किल्ल्यात, चहूकडून खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या आठवल्या की बाटलीतलं पाणीही मी जपून ओततो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो. होडीची सावली होडीखाली, माणसाची त्याच्या पायांशी. (ऑगस्टातही तो असाच माथ्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग आड असतात.) वाळूचा पिवळा, पाण्याचा निळा, जांभ्या दगडाचा लालसुद्धा त्या उजेडात विरतो. या उन्हापुढे पेटीतला कुठलाही रंग पुरत नाही. सगळ्यांत उजळ असतो तो कोरा कागद, म्हणून ऊन रंगवायचं नसतं, त्याच्यासाठी जागा सोडायची असते. मला हे नमस्कारासारखं वाटतं.

इथून जवळच्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर ही जागा सोडण्यात थोर होते. दिवा हाती घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर धरलेल्या तिच्या बोटांतून उजेड झिरपतो. पारदर्शक जलरंगात असा उजेड वरून लावता येत नाही, तो कागदातूनच यावा लागतो.

इकडे किनाऱ्यावर दुपार कलली की सूर्य समोर येतो, किल्ला काळसर होतो आणि मधलं पाणी लखलखतं. खरखरीत कागदावरून जवळजवळ कोरडा ब्रश झरकन आडवा ओढला, की रंग उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात आणि पाणी चमकू लागतं. हे एकाच फटकाऱ्यात व्हावं लागतं. दुसरा मारला की ते ऊन बुजतं.