सात फुटांचा बांध

गेल्या जुलैत लीड्सच्या आत्याकडे जाण्याचा योग आला, आणि काकांनी आठवडाभरासाठी भाड्याने घेतलेल्या एका लांबोडक्या बोटीवर माझी रवानगी झाली. बोट कसली, पाण्यावरची चाळच ती! रुंदी सात फुटांहूनही कमी. एकजण चहा करू लागला की दुसऱ्याने अंग चोरून उभे राहायचे. कालव्यात ताशी चार मैलांहून अधिक वेगाने जायचे नाही, असा नियम. काठावरून कुत्री फिरवणारे म्हातारे आम्हांला खुशाल मागे टाकीत.

बर्मिंगहॅममध्ये शिरताना ओळीने तेरा लॉक चढावे लागले. दारे लोटून हाताला फोड आले. गॅस स्ट्रीट बेसिनमध्ये बोट बांधताच काकांनी जाहीर केले, "उद्या सुट्टी!" आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच घोरत पडले.

आत्या आणि मी शहरात गेलो. २०१३ साली उघडलेले ते भव्य ग्रंथालय पाहिले, त्याच्या सातव्या मजल्यावरच्या बागेत बसून डबा खाल्ला. पण माझे लक्ष कशातच नव्हते. पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आजीचा अडकित्ता होता. साताऱ्याचे घर विकल्यापासून बाबा आणि आत्या यांच्यात अकरा वर्षे बोलणे नाही. निघताना बाबांनी तो माझ्या हातात ठेवला होता. "आत्याला दे," एवढेच म्हणाले. पाच दिवस झाले, माझा धीर होत नव्हता.

परत आलो तेव्हा बेसिनमधल्या बांधावर टेकलो. जुन्या कालव्यातून १७६९ पासून इथे कोळसा येई. पुढे वुस्टरचा कालवा येऊन भिडला, तेव्हा आपले पाणी पळेल म्हणून जुन्या कंपनीने मध्ये हा सात फुटांचा बांध ठेवला. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे बोटी, आणि माल मात्र माणसांनी उचलून इकडून तिकडे टाकायचा! १८१५ साली बांध फोडून लॉक केले, तेव्हा कुठे बोटी पार जाऊ लागल्या.

"काय हट्ट तरी!" आत्या हसली.

मी पुडके तिच्या मांडीवर ठेवले. तिने कागद सोडला. बराच वेळ नुसतीच अडकित्ता उघडमिट करीत राहिली. मग विचारले, "दादानं दिला?"

"हो."

"काही म्हणाला?"

"आत्याला दे, म्हणाले."

ती उठली. "चल, सुपारी आणू." बस पकडून आम्ही सोहो रोडला गेलो. तिथल्या देशी दुकानांतून मिरची, मेथी, सुपारी, आणि काय काय घेतले!

रात्री बोटीत कडक् कडक् आवाज सुरू झाला. काका म्हणाले, "अगं, सुपारी कधीपासून?" आत्याने उत्तर दिले नाही. साडेआठ वाजले होते, बाहेर अजून उजेड होता. तिने घड्याळाकडे पाहिले.

"तिकडे आता एक वाजला असेल ना गं?"