गाडी विकली का?

‘गाडी विकली का?’

उमरखेडमध्ये सायकलवर बसून नुसतं कोपऱ्यापर्यंत गेलं तरी हा प्रश्न येतो. किराणा दुकानातून येतो, बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवरून येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी असते. पुण्यात नोकरी करणारी, पेपरात नाव छापून येणारी पोरगी अठ्ठाविसाव्या वर्षी गावाकडे येते काय आणि सायकल मारत फिरते काय... नक्कीच काहीतरी बिनसलंय!

आता यांना कसं सांगू, की माझ्या या सायकलीची किंमत ८१,००० रुपये आहे? तेवढ्यात गाडीच आली असती. घरी मी पंचवीस सांगितलेत. (बाबा हे साप्ताहिक वाचत नाहीत, या एकाच भरवशावर हे लिहितेय.)

सुरुवात पुण्यात झाली. कोथरूड ते बाणेर, व्हाया पाषाण, रोजचे दहाएक किलोमीटर. स्कूटीवर जितका वेळ सिग्नलला जायचा, तितक्यात सायकलनं ऑफिस येईल असा हिशेब करून मी कामाला लागले. काम म्हणजे सायकल निवडणं. दोन महिने मी स्थळं बघावीत तशा सायकली बघितल्या. रोड बाइक दिसायला देखणी, पण तिचे २५ मिलिमीटरचे टायर खड्ड्यात गेले की आधी मणका कळवळतो. एमटीबी दणकट, पण डांबरी रस्त्यावर तिला हाकताना आपण पोतं ओढतोय असं वाटतं. हायब्रिड बरी होती. ‘बरी’ म्हणून लग्न करतात, सायकल नाही घेत! असलं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं.

मग ग्रॅव्हल बाइक भेटली. हँडल रोड बाइकसारखं खाली वळलेलं, पण खालचे दांडे जरा बाहेर फाकलेले. टायर ४० मिलिमीटरचे, त्यात ट्यूब नाही. ब्रेक डिस्कचे. दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त, त्यामुळे खडीवर सायकल बिचकत नाही. पुढच्या छोट्या चाकलीला ३० दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकलीला ३४, म्हणजे चढावर पायडल एकदा पूर्ण फिरलं तरी मागचं चाक पूर्ण फिरत नाही. वेग जातो, पण दम टिकतो. हा सगळा प्रकार अमेरिकेत फोफावला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ मध्ये कच्च्या रस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत सुरू झाली; तिचं आजचं नाव अनबाउंड ग्रॅव्हल. २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. एकूण काय, मामला एकदम सही होता आणि मी पुरती फिदा होते.

पुण्याच्या पावसासाठी वर पैसे घालून छान चापूनचोपून बसणारे मडगार्ड लावून घेतले. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जादाचा कुर्ता, टॉवेल आणि डिओ ठेवला. हा ड्रॉवरचा फंडा मला नेटवर सापडला होता आणि तो शोधल्याचा मला जाम अभिमान होता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नांदेडला झालं. मी लॅपटॉप घेऊन घरी आले, ती राहिलेच. सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आणली. माझं काम लिहिण्याचं. तुमचं ऑफिस हिंजवडीत असेल, माझं आता पोफाळी, ढाणकी, चातारी असं तालुकाभर पांगलेलं होतं. म्हटलं, जवळच्या गावांना सायकलवर जायचं.

बाबांनी सायकल पहिल्यांदा बघितली ती वॉकर धरून, दारात उभं राहून. वरपासून खालपर्यंत बघितली. एवढंच म्हणाले, “माझे गुडघे गेले तेवढे पुरे नाहीत का?”

बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. पंधरा वर्षं ते २२ इंची काळ्या सायकलवर शाळेच्या गावी गेले, जाऊन-येऊन रोज बावीस किलोमीटर. अर्धा रस्ता डांबरी, उरलेला गिट्टी, मुरूम आणि पांदण. १९९९ च्या दिवाळीला मोटारसायकल घेतली, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. हे आईनं सांगितलं. बाबा सायकलचं नावही काढत नाहीत. पेढे नव्या गाडीचे असतील असं मला वाटलं होतं. आई म्हणाली, “गाडीचे कसले? सायकल सुटली म्हणून वाटले.” आठवड्याच्या आत ती दूधवाल्याला विकलीसुद्धा.

आणि त्याच घरात मी पैसे मोजून सायकल परत आणून उभी केली होती.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली, जवळपास ५,००० किलोमीटर. विदर्भाची मान उंचावली वगैरे सगळं खरं आहे. पण आमच्याकडे अजूनही सायकल ही जमलं की सोडायची गोष्ट आहे. सकाळी रस्त्यावर सायकली दिसतात त्या शाळेच्या मुलींच्या. मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे मिळतात. बारावी झाली, की सायकल धाकटीकडे जाते. मग जमलं तर स्कूटी, आणि त्यानंतर नवऱ्याच्या गाडीवर मागची सीट. एकदा या मुलींचा घोळका माझ्या बाजूनं चालला होता. त्यातल्या एकीनं माझं हेल्मेट निरखून अत्यंत आदरानं विचारलं, “ताई, तुम्ही कितवीला?”

पहिल्या पंधरवड्यात बाभळीचा काटा घुसला. ट्यूबलेस टायरमध्ये चिकट द्रव असतो, तो बारीक भोक आपोआप बुजवतो. काटा काढला, फस्स झालं, थांबलं. (घेणार असाल तर यात कंजुषी करू नका. बाभूळ पुण्याच्या टेकड्यांवरही आहे.) पण हवा कमी झाली होती, म्हणून बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याच्या पंपाचं तोंड माझ्या व्हॉल्व्हला बसेना. माझा प्रेस्टा, बारीक, लांबुळका. त्यानं हँडल बघितलं आणि हळहळून म्हणाला, “ताई, हे उलटं बसवलं तुम्हाला. फसवलं लोकांनी.”

तोवर त्याच्या दुकानात उलट्या करून ठेवलेल्या एका काळ्या सायकलकडे माझं लक्ष गेलं. टायरवर लिहिलं होतं, २८ × १½. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. मी बोटं लावून बघितली. माझा टायर आणि दूधवाल्या काकांचा टायर, दोन्हींची रुंदी डोळ्यांना सारखीच! लांब पल्ल्याची चाकं, पुढचा कललेला चिमटा, वजन पेलणारी फ्रेम... कच्च्या रस्त्यासाठी हवं ते बरंचसं त्या काळ्या सायकलीत आधीपासून आहे. गियर नाहीत, रॉडचे ब्रेक पावसात फक्त विनंती करतात, आणि वजन माझ्या सायकलीच्या दुप्पट. बाबा पंधरा वर्षं ग्रॅव्हल रायडर होते, फक्त कुणी त्यांना तसं म्हटलं नव्हतं. हे मी घरी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जुलैत मात्र माझी जिरली. हळदीवरच्या एका स्टोरीसाठी चातारीच्या बाजूला चालले होते. हायवेवर ट्रक अंगावर येतात, म्हणून शॉर्टकट म्हणून पांदणीत घुसले. राज्यानं २०२१ मध्ये पांदण रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना काढली आहे. ही पांदण तिच्या वाट्याला आलेली नसावी. मुरूम संपला आणि काळी माती सुरू झाली. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जे दिसेल त्याला धरते. शंभर पावलांत चाक थांबलं. म्हणजे अक्षरशः थांबलं, ढकलूनही फिरेना. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती गच्च बसली होती, सिमेंट भरल्यासारखी. उचलून खांद्यावर घेतली, तर ११ किलोची सायकल कुठल्या कुठे गेलेली. दहा पावलं चालायचं, थांबायचं. एक चप्पल मातीतच राहिली.

शेतातून एक काकू आल्या. काही न विचारता त्यांनी पऱ्हाटीची एक काडी मोडून आणली आणि बसून माती खरवडायला लागल्या. “चाक फिरायले जागाच नाई ठेवली माय यायनं,” त्या म्हणाल्या. “हे पत्रे काढून टाक ना पावसाचे.”

त्या रात्री मी मोबाइलवर २०२३ च्या अनबाउंडचे व्हिडिओ परत बघितले. त्या वर्षी कॅन्ससमध्ये पाऊस झाला होता आणि लाखांच्या सायकली खांद्यावर घेऊन जगातले नामी रायडर चिखलातून चालत होते. चाकांतली माती काढायला त्यांच्याजवळ रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या होत्या. काकूंची पऱ्हाटी आठवून मी एकटीच हसले.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. मी फोन पुढे केला. पहिल्यांदाच त्यांनी नीट बघितलं. एक रायडर चाक ठोकत होता. बाबा म्हणाले, “मूर्ख आहेत. मृग लागला की मडगार्ड काढायचे असतात. खुंटीला लावायचे, ते दसऱ्याला उतरवायचे.”

“मग कपडे? पाठीवर सगळा चिखल...”

“दुसरा सदरा शाळेच्या कपाटात असायचा. धोतराच्या फडक्यात गुंडाळून. तुला काय वाटलं, आम्ही पोरांपुढे तसेच उभे राहायचो?”

मी माझ्या बाणेरच्या ड्रॉवरबद्दल गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खुर्ची अंगणात मागवली. फिजिओथेरपिस्टनं त्यांना गुडघ्यासाठी जागच्या जागी पायडल मारायला सांगितलं होतं. ऐकून ते दोन दिवस घुश्श्यात होते. आज मात्र पाना मागितला. बारीक नट होते, ॲलन की लागली, ती वापरायची कशी हे मी दाखवलं, ते मान्य करायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग दोन्ही मडगार्ड निघाले. आईनं ते धुवून मागच्या खोलीतल्या खुंटीला अडकवले. मागचा टायर बाबांनी अंगठ्यानं दाबला आणि हवा कमी आहे म्हणाले. कमी नव्हती. ३५ पीएसआय होती, कच्च्या रस्त्याला तेवढीच हवी. पण हे मी त्यांना दसऱ्याला मडगार्ड परत बसवताना सांगितलं.

त्याच दिवशी, आपट्याची पानं द्यायला आलेले शेजारचे काका सायकलकडे बघून थबकले. “काय गं, गाडी विकली का?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. “विकली नाही. घेतली. परदेशात यांच्या शर्यती असतात.” आणि माझ्याकडे वळून, “कितीला पडली ते सांग गं काकांना.”

मी पंचवीसच सांगितले.